पान बत्तीसवरची टोपी

डॉयल हफस्टेट्लरची टोपी २२ नोव्हेंबर १९९७ रोजी, शनिवारी, संध्याकाळी आठच्या सुमारास जप्त झाली. जागा शेल्बी गावची नॅशनल गार्डची आर्मरी, म्हणजे शस्त्रागाराचा हॉल, पहिली रांग, डावीकडून तिसरी खुर्ची. जप्त करणारा जज क्राउडर. आरोप न्यायालयाच्या अवमानाचा. डॉयलने त्या वेळी जजला नेमकं काय म्हटलं होतं याबद्दल एकमत नाही. त्याची बायको नेल्डा म्हणते, ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. डॉयल म्हणतो, ते खरं होतं.

जज क्राउडरचा कुठल्याही कोर्टाशी संबंध नव्हता. तो ब्रॉड रिव्हर रेसलिंग या कंपनीचा सर्वांत दुष्ट पैलवान होता. काळा झगा घालून, हातात लाकडी हातोडा घेऊन तो रिंगमध्ये येई, प्रेक्षकांना शिक्षा ठोठावी आणि पंचाची नजर चुकवून समोरच्या पैलवानाच्या डोक्यात हातोडा घाली. त्या शनिवारी त्याने कठड्यावरून हात लांबवून डॉयलच्या डोक्यावरची हिरवी टोपी उचलली, झग्यात घातली आणि परत दिली नाही.

टोपी साधी नव्हती. तिच्यावर पिवळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं : ‘स्टोनी फोर्क सूतगिरणी. पंधरा वर्षं, एकही अपघात नाही.’ गिरणीत डॉयल कातणयंत्रांचा फिटर होता आणि दहाही बोटं शाबूत ठेवून त्याने ती कमावली होती. २००१ साली गिरणी बंद पडली. तशी टोपी पुन्हा मिळण्याची सोय राहिली नाही.

तेव्हापासून दर शनिवारी जज रिंगमध्ये आला की डॉयल उभा राहून ओरडे, “चोरा, टोपी दे!” मग मागच्या रांगा, मग सगळी आर्मरी : “टोपी! टोपी!” ओरडणाऱ्यांपैकी निम्मे टोपी गेली तेव्हा जन्मलेही नव्हते. कुठली टोपी हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारावंसंही त्यांना कधी वाटलं नाही. जज हातोडा आपटून गरजे, “ऑर्डर! न्यायालयात शांतता!” त्यावर आरडाओरडा दुप्पट होई. हे दहा मिनिटं चाले. मग कुस्ती सुरू होई, पण खऱ्या जाणकारांच्या मते पैसे तिथपर्यंतच वसूल झालेले असत.

कुस्त्यांचे निकाल आधी ठरलेले असतात, हे शेल्बीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ही तिथली रीत होती. एकदा पेट्रोल पंपावर जज क्राउडर आणि त्याचा हाडवैरी सनी रे टॉलिव्हर एकाच गाडीतून उतरले आणि दोघांनी एकाच पुडीतले उकडलेले शेंगदाणे खाल्ले. डॉयलने ते पाहिलं आणि गाडीत अर्धंच पेट्रोल भरून तो निघून गेला. घरी नेल्डाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सनीने त्याला पकडलेलं दिसतंय. पोलिसांकडे नेत असणार.”

“शेंगदाणे खायला घालून?” नेल्डाने विचारलं.

“सनी मनाने चांगला आहे.”

अडतीस वर्षांच्या संसारात ‘खोटं’ हा शब्द नेल्डाने कुस्तीबद्दल एकदाही वापरला नव्हता. डॉयलला ते सोसायचं नाही, अशी तिची खात्री होती. आणि नेल्डाला ते सोसायचं नाही, अशी डॉयलची.

२०१९च्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी जजने रिंगमधून जाहीर केलं की या न्यायालयाचे, म्हणजे ब्रॉड रिव्हर रेसलिंगचे, शेअर आता सामान्य गुन्हेगारांनाही विकत घेता येतील. एक शेअर दहा डॉलरचा, कमीत कमी पंचवीस घ्यावे लागतील, मुदत महिनाअखेर. लोकांनी नेहमीप्रमाणे हुर्यो उडवली. डॉयलनेही उडवली.

पण सोमवारी तो गावच्या वाचनालयात गेला. तिथे त्याची पुतणी केंड्रा लोकांना कॉम्प्युटरवरचे अर्ज भरून देत असे.

“डॉयलकाका, खात्याला पासवर्ड काय ठेवू?”

“खातं कशाला? घेतो असं कुठे म्हटलंय मी? विचार करतोय. विचार करायला पासवर्ड लागतो का?”

“नाही लागत. पण आधी कंपनीचं माहितीपत्रक वाचा. ब्याण्णव पानं आहेत. निदान पान एकतीस तरी वाचा. नाहीतर उद्या म्हणाल, केंड्राने सांगितलं नाही.”

पान एकतीसवर जोखमी दिल्या होत्या. तिसरी जोखीम अशी : ‘आमच्या कुस्त्यांचे निकाल आमचे कर्मचारी आधीच ठरवतात.’ पाचवी अशी : ‘आमचं उत्पन्न मोठ्या प्रमाणावर जज क्राउडर या पात्रावर अवलंबून आहे. प्रेक्षकांनी त्यांचा द्वेष करणं थांबवल्यास तिकीटविक्रीवर गंभीर परिणाम होऊ शकतो.’

डॉयलने पडद्यावर पंजा ठेवला आणि मागे वळून पाहिलं. मागे चर्चच्या डीकनची बायको बागकामाचं मासिक चाळत होती.

“हे असं उघड्यावर ठेवतात?” तो कुजबुजला.

“कायद्याने सांगावंच लागतं, काका.”

“लहान मुलं येतात इथे.”

“मुलांना माहीत आहे.”

“मग कोणाला माहीत नाही?”

केंड्राने विचार केला. “नेल्डाकाकूला?”

“तेच म्हणतोय मी. तिच्या कानावर हे जाता कामा नये. अडतीस वर्षं येतेय ती माझ्याबरोबर. खचून जाईल.”

मग त्याने पंजा काढून पुढचं पान उघडलं. पान बत्तीसवर कंपनीच्या मालमत्तेची यादी होती. रिंग, दोन. ट्रक, एक. घडीच्या खुर्च्या, सहाशे चाळीस, त्यांपैकी वाकलेल्या एकशे बारा. न्यायाधीशाचे झगे, तीन. हातोडे, नऊ. आणि सगळ्यात शेवटी : टोपी, हिरवी (जप्त), एक.

शेवटची ओळ डॉयलने चार वेळा वाचली.

“केंड्रा, ही माझी टोपी.”

“आता कंपनीची दिसतेय.”

“चोरलेली आहे ती!”

“जप्त लिहिलंय, काका.”

“जप्त करणारा जज खरा नाही हे मागच्याच पानावर लिहिलंय ना!”

हे तो मोठ्याने बोलला. डीकनच्या बायकोने मासिक खाली केलं. डॉयल लाल झाला.

“मी काही बोललो नाही,” तो तिला म्हणाला.

“मी काही ऐकलं नाही, डॉयल,” ती म्हणाली आणि तिने मासिक पुन्हा वर धरलं.

डॉयलने खुर्ची पुढे ओढली. “पंचवीस शेअर घेतले तर टोपीचा केवढा भाग माझा होईल?”

केंड्राने आकडे मांडले. “एकूण शेअर चार लाख. तुमच्या वाट्याला टोपीचा एक टाकासुद्धा पुरता येणार नाही.”

“आणि सगळी टोपी हवी असेल तर?”

“चाळीस लाख डॉलर. पण मग ट्रकही मिळेल.”

डॉयल उठला. विचार करतो म्हणाला आणि केला. शेअर घेतले, तर टोपी कंपनीची आहे हे त्याने सही करून मान्य केल्यासारखं होणार होतं. बावीस वर्षांची तक्रार अडीचशे डॉलर भरून स्वतःच निकाली काढायची. नाही घेतले, तर त्याच्या टोपीचे मालक कोणीतरी परके लोक होणार, शार्लट शहरातले वगैरे. पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती, आणि ती त्याला घरी पोहोचेपर्यंत नीट शब्दांत सांगता येईना.

बुधवारी तेच माहितीपत्रक छापील स्वरूपात टपालाने घरी आलं. डॉयल चर्चचं गवत कापायला गेला होता, म्हणून पाकीट नेल्डाने उघडलं. नेल्डा हाती येईल ते सगळं वाचते, औषधाच्या बाटलीतली घडीची चिठ्ठीसुद्धा. चुलीवर घेवड्याच्या बिया शिजत ठेवून तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकतिसाव्या पानाशी ती थांबली. मग तिने शिवणाच्या डब्यातली कात्री आणली. हाताला लागली ती नागमोडी धारेची होती.

कापायच्या आधी तिने पान उलटून पाहिलं. मागच्या बाजूला यादीत टोपी होती.

हा मोठाच पेच होता. डॉयलला टोपीचं सांगावं तर मागची बाजू त्याच्या नजरेला पडणार. मागची बाजू लपवावी तर टोपीही जाणार. बिया शिजेपर्यंत नेल्डा पान हातात धरून बसली. मग तिने ते कापलं आणि पाककृतींच्या डब्यात, मीटलोफच्या कृतीमागे ठेवून दिलं. अडतीस वर्षांत डॉयलने त्या डब्याला हात लावला नव्हता.

संध्याकाळी डॉयलने पाकीट पाहिलं. त्याने घाईघाईने पानं उलटली. तीस, मग एकदम तेहतीस. मधे कापलेल्या पानाची नागमोडी कड. त्याला हायसं वाटलं. घरोघरी जाणाऱ्या प्रतींमधून कंपनीनेच ते पान काढलेलं दिसत होतं, आणि तेसुद्धा किती सुबक काढलं होतं! कुटुंबाचा विचार करणारी कंपनी आहे, असं त्याच्या मनात आलं. शेअर घ्यावेत असं त्याला पहिल्यांदा मनापासून वाटलं ते तेव्हा.

जेवताना नेल्डाने विचारलं, “काही विशेष लिहिलंय का त्यात?”

“काही नाही. खुर्च्या वगैरे.”

“खुर्च्या?” नेल्डाचा चमचा थांबला. “कुठल्या पानावर?”

“पान कुठलं कशाला हवं? असणारच ना खुर्च्या. आपण बसतो कशावर?”

मग डॉयलने चमचा खाली ठेवला.

“नेल्डा, समज मी घेतले शेअर. मग शनिवारी काय करू? तो जज माझा नोकर झाला. आपल्याच नोकराला सहाशे लोकांसमोर चोर म्हणू?”

“गिरणीचा मालक तुला काय काय म्हणायचा.”

“पण माझ्या पाठीमागे म्हणायचा. तशी रीत होती त्याची.”

“मग नको घेऊस.”

“नको घेऊ तर नको घेऊ,” डॉयल म्हणाला. पण तो प्रश्न सुटल्यासारखा दिसत नव्हता. त्याला खरं खुपत होतं ते पान एकतीसवरचं पाचवं कलम, आणि नेमकं तेच त्याला बायकोला सांगता येत नव्हतं. द्वेष थांबला तर तिकीटविक्री घटेल. म्हणजे द्वेष चालू होता तोवर तिकिटं विकली जात होती. म्हणजे बावीस वर्षं दर शनिवारी तो न्याय मागत होता असं त्याला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात तो टोपीचोराकडे बिनपगारी कामाला होता.

शनिवारी आर्मरी भरली होती. डॉयल आपल्या खुर्चीवर बसला, डोक्यावर पशुखाद्याच्या दुकानात फुकट मिळालेली निळी टोपी. शेजारी नेल्डा, मांडीवर पर्स आणि विणकाम. रिंगच्या एका कोपऱ्यात सनी रे टॉलिव्हर दोरांना धरून उड्या मारत होता. घंटा झाली. जज क्राउडर झगा फडकवत आला, रिंगमध्ये चढला आणि पहिल्या रांगेकडे बघून कुत्सित हसला.

डॉयल उभा राहिला. त्याने तोंड उघडलं. त्याला सहाशे चाळीस खुर्च्या दिसल्या, त्यांपैकी एकशे बारा वाकलेल्या. पाचवं कलम दिसलं. त्याने तोंड मिटलं आणि तो खाली बसला.

मागच्या रांगांनी छातीत श्वास भरून ठेवला होता. सुरुवात डॉयलनेच करायची, असा बावीस वर्षांचा शिरस्ता. ते वाट बघत राहिले.

जजने हातोडा आपटला. “ऑर्डर! न्यायालयात शांतता!”

शांतता झाली.

असं कधी झालं नव्हतं. पॉपकॉर्नच्या यंत्रातला एकेक दाणा फुटलेला ऐकू येऊ लागला. जजने हातोडा वर उचलला होता तो तसाच राहिला. शांतता मिळाल्यावर पुढे काय करायचं याची तयारी त्याच्याकडे नव्हती.

“शांतता,” तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी जरा आभार मानल्यासारखं.

सनी रेने उड्या थांबवल्या आणि कोपराची पट्टी सोडून परत बांधली. मग परत सोडली. मागून एका बाईने आपल्या मुलाला विचारलं, “कोणी वारलं का रे?”

जज पायऱ्या उतरून खाली आला आणि कठड्याशी उभा राहिला. जवळून त्याच्या भुवया रंगवलेल्या दिसत होत्या.

“हफस्टेट्लर!” तो गरजला. “या न्यायालयाला काही सांगायचं आहे का तुला?”

“नाही, सर,” डॉयल म्हणाला.

‘सर’ ऐकून जज दचकला. तो कठड्यावर वाकला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “बरा आहेस ना?”

हे नेल्डाने ऐकलं. तिचं विणकाम पायाशी पडलं. दुष्टातला दुष्ट माणूस तिच्या नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी करत होता, आणि तीही त्याच्या तोंडावर. पान एकतीस कापून काय उपयोग? आणखी एक प्रेमाचा शब्द, आणि डॉयलला सगळं कळून चुकणार. तिने पर्स उघडली आणि त्यातून घडी केलेला कागद काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

“हे काय?”

“शेअर. पंचवीस. गुरुवारी घेतले. केंड्राने करून दिले, माझ्या नावावर.”

“तू घेतलेस?”

“मी. तेव्हा आता मालकीण मी आहे. तू मालक नाहीस, कोणी नाहीस. तू तिकीट काढून आलेला माणूस आहेस. तिकीटही मीच काढलंय. तर उठ आणि ओरड.”

“पण तू घेतलेस कशाला?”

“टोपीसाठी.”

डॉयल तिच्याकडे वळला. “टोपी त्यात आहे हे तुला कसं कळलं?”

“तुला कसं कळलं?”

जज कठड्याशी हातोडा धरून उभा होता आणि एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. नवरा-बायको दोघंही एकाच वेळी रिंगकडे बघू लागले.

“छापखान्याचा काहीतरी घोळ आहे,” डॉयल शेवटी म्हणाला.

“छापखान्याचाच,” नेल्डा म्हणाली.

डॉयलने कागदाची घडी उलगडली. दोनशे पन्नास डॉलर, मिळाल्याची पोच, ब्रॉड रिव्हर रेसलिंग. त्याने ते एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचताना त्याची मान लाल होऊ लागली. ती लाली कानांपर्यंत चढली. टोपी त्याची. चोरली जजने. आणि तिच्यातला एक टाकाही पुरता नाही, तेवढ्याचे पैसे जजने घेतले कोणाकडून, तर त्याच्या बायकोकडून!

तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली.

“अरे चोरा!” आवाज इतका मोठा निघाला की जज खरोखरच एक पाऊल मागे सरला. “आधी टोपी चोरलीस, आता तिचेच पैसे घेतोस? तेही माझ्या बायकोकडून? अडीचशे डॉलर! माझ्याच टोपीचे! दे टोपी!”

“टोपी!” मागच्या रांगा फुटल्या. “टोपी! टोपी! पैसे! टोपी!” पैशांची मागणी नवीन होती, पण लोकांनी ती विनातक्रार उचलली. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. त्यांपैकी किमान दोन खुर्च्या त्या संध्याकाळी एकशे बारांत जमा झाल्या.

जजचा चेहरा आनंदाने उजळला. हे फक्त पहिल्या रांगेला दिसलं, आणि पहिली रांग लगेच दुसरीकडे बघू लागली. मग त्याने भुवया खाली ओढल्या, हातोडा कठड्यावर दणादणा आपटला आणि तो ओरडला, “ऑर्डर! शांतता! अवमान! पुन्हा अवमान! सराईत गुन्हेगार आहे हा!” त्याने हात लांबवून डॉयलच्या डोक्यावरची निळी टोपी उचलली, सगळ्या आर्मरीला दाखवली आणि झग्यात घातली. त्याच क्षणी सनी रेने मागून येऊन त्याची मानगूट धरली. सनी रेला इतक्या मनापासून कोणावर तुटून पडताना लोकांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

कुस्ती कोण जिंकलं हे डॉयलला नंतर सांगता आलं नाही. तो सगळा वेळ ओरडत होता.

बाहेर गाड्यांकडे जाताना त्याचा घसा पार बसला होता. उघड्या डोक्यावर वारा लागत होता. नेल्डाने त्याच्या हातात घशाची गोळी दिली.

“मालकीणबाई,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तुमच्या माणसाने आज माझी दुसरी टोपी लुबाडली.”

“बघितलं मी.”

“लाज नाही वाटत?”

“पुढच्या यादीत टोप्या दोन लागणार,” नेल्डा गाडीचं दार उघडत म्हणाली. “दोन दिवसांत मालमत्ता दुप्पट. अशी कंपनी मला शोधूनही मिळाली नसती.”

डॉयलने गाडी सुरू केली, पण गियर टाकला नाही. गोळी गालात सरकवून त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.

“घरी अजून चार टोप्या आहेत,” तो म्हणाला.